मातीचा बैल चालवायला सॉफ्टवेअर कोणतं?

पोळा जवळ आला की बीड जिल्ह्यातल्या गावागावांत पोरं काळ्या मातीचे बैल करायला बसतात. त्यातला एखादा बैल मोबाइलच्या पडद्यावर चालवायचा असेल, तर कृती सोपी आहे. बैल किंचित पुढे सरकवा, फोटो काढा, पुन्हा सरकवा, पुन्हा काढा. सगळे फोटो भराभर पळवले की बैल चालू लागतो. हेच स्टॉप-मोशन. एवढं ऐकून झालं की समोरचा, मग तो कलाशिक्षक असो की रील करणारा पोरगा, पहिला प्रश्न हमखास तोच विचारतो: सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? या एका प्रश्नाच्या पोटात बरेच गैरसमज असतात.

‘भारी सॉफ्टवेअर नसेल तर नाद सोडा’

दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. पहिल्या महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची चणचण होती, मोठे चित्रपट अडले होते; त्या दिवसांत त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. त्याही आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून तो वाढताना त्यांनी एकेक चौकट टिपली होती. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखली जाणारी ती फिल्म दाखवूनच त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी यशवंत नाडकर्णींकडून भांडवल मिळवलं. हाताशी होता लंडनहून आणलेला, हाताने फिरवायचा विल्यमसन कॅमेरा, बस.

फाळक्यांना एका गोष्टीची सोय नव्हती. आधीची चौकट कशी आली, हे फिल्म धुतल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. आजचं सॉफ्टवेअर मुळात तेवढ्यासाठीच आहे. ते मागचा फोटो पुसट करून समोरच्या दृश्यावर दाखवतं, म्हणजे बैलाचा खूर कुठून कुठे आला ते दिसतं. या सोयीला ओनियन स्किन म्हणतात. काढलेले फोटो ते लगेच चालवून दाखवतं. आणि फोकस, उजेडाचं माप, रंगांचा तोल या गोष्टी एकदा ठरवल्या की जागच्या हलू देत नाही. ही तीन कामं होतात का, एवढंच आधी तपासायचं. मोबाइलवरच्या ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ची फुकट आवृत्ती सुरुवातीला पुरते, पुढच्या काही सोयींना पैसे पडतात, ते नंतर बघता येईल. जुना लॅपटॉप आणि यूएसबी वेबकॅम असेल तर ‘बोट्स अॅनिमेटर’ हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य आहे.

‘मोठे स्टुडिओ ड्रॅगनफ्रेम वापरतात, मग आपणही तेच घ्यावं’

वापरतात हे खरं. अमेरिकेतलं लायका, इंग्लंडमधलं आर्डमन, दोघांकडेही ड्रॅगनफ्रेम चालतं. पण ते कशासाठी, हे पाहायला हवं. डीएसएलआर कॅमेरा तारेने संगणकाला जोडून चालवणं, सेटवरचे दिवे फोटोगणिक कमीजास्त करणं, मोटर लावलेला कॅमेरा केसभर सरकवणं, संवादातला कोणता उच्चार कितव्या फोटोवर येतो याचा तक्ता ठेवणं, ही त्याची खरी कामं. ज्याच्याकडे एक टेबल, एक दिवा आणि एक मोबाइल आहे त्याला यातलं निम्मंही लागत नाही, आणि किंमत काही शेकडो डॉलर आहे. उत्सुकता असेल तर कंपनी चाचणीसाठी ३० दिवस ते मोफत देते. गावाकडे लोक पेनड्राइव्हवरून ‘क्रॅक’ आवृत्ती आणून टाकतात. त्यातून लॅपटॉपमध्ये काय काय शिरतं, हे शाळेचे निकाल ज्या लॅपटॉपवर आहेत त्यावर आजमावून पाहू नये.

मुंबईतल्या सुरेश एरियाट यांच्या स्टुडिओ एकसॉरसने केलेल्या ‘टोकरी’ या स्टॉप-मोशन लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. तो पाहताना नजर सॉफ्टवेअरवर जात नाही. ती जाते बाहुल्यांच्या डोळ्यांवर, घरातल्या भांड्यांवर, मुंबईच्या रस्त्यावरच्या गर्दीवर. वेळ खातं ते हे सगळं हाताने घडवणं.

‘मोबाइलवर कसलं होतंय? डीएसएलआर पाहिजे’

टिम बर्टन आणि माइक जॉन्सन यांचा ‘कॉर्प्स ब्राइड’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट २००५ मध्ये आला. तो कॅननच्या ज्या स्टिल कॅमेऱ्यांवर टिपला, त्यांची क्षमता होती सुमारे ८ मेगापिक्सेल. आज साध्या मोबाइलचा कॅमेराही त्याहून जास्त आकडा सांगतो. शिवाय फुल एचडी व्हिडिओच्या एका चौकटीला लागतात जेमतेम २० लाख बिंदू. आर्डमनने तर २०१० मध्ये ‘डॉट’ हा लघुपट नोकियाच्या एन८ फोनवर केला, त्यातली बाहुली होती ९ मिलिमीटरची. पुढच्या वर्षी त्याच फोनवर त्यांनी वेल्सच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूतच प्रचंड सेट मांडून ‘गल्प’ केला.

खरी गंमत पुढे आहे. डीएसएलआरच्या आधुनिक लेन्समध्ये उजेड आत सोडणारं छिद्र लहानमोठं करणाऱ्या पाकळ्या प्रत्येक फोटोला मिटतात आणि उघडतात, पण दर वेळी अगदी तेवढ्याच मिटतील असं नाही. केसभर फरक पडला तरी फोटो उजळ किंवा काळपट येतो आणि फिल्म लुकलुकते. म्हणून जाणकार लोक हाताने छिद्र ठरवायच्या जुन्या लेन्स शोधतात. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र कायमचं एकच असतं, म्हणजे महागड्या कॅमेऱ्याचं हे दुखणं त्यात नाहीच.

‘फिल्म लुकलुकते, म्हणजे अॅप खराब आहे’

हा सगळ्यांत पसरलेला गैरसमज. लोक एकामागून एक अॅप बदलतात आणि लुकलुक तशीच राहते, कारण ती अॅपमधून येतच नाही.

पहिला संशयित मोबाइलचा स्वतःचा कॅमेरा. तो प्रत्येक फोटोला नव्याने डोकं चालवतो: फोकस नवा, उजेड नवा, पिवळेपणा नवा, वर फोटो ‘सुंदर’ करायची हौस. एका फोटोला हे चांगलंच, पण ओळीने छत्तीस फोटो काढताना बैल क्षणात तांबूस, क्षणात करडा होतो. हे सगळं ‘ऑटो’ बंद करून कुलूप लावायचं. अँड्रॉइडवर ‘ओपन कॅमेरा’ नावाचं मोफत अॅप आहे, त्यात फोकस आणि उजेड दोन्ही बांधता येतात. मात्र काही स्वस्त फोन तेवढी मुभा देत नाहीत, हे आधी पाहून घ्यावं.

दुसरा संशयित ऊन. बैलाला तीन सेकंद चालवायचं म्हटलं, सेकंदाला १२ फोटो धरले, तर ३६ फोटो. नवख्या हाताला त्याला तास सहज लागतो. तेवढ्यात सूर्य आकाशात सुमारे १५ अंश सरकतो. खिडकीशी मांडामांड केली असेल तर पडद्यावर तीन सेकंदांत सावली गर्रकन फिरते, मधेच एखादा ढग येऊन अंधार करून जातो. खिडकीवर सतरंजी टाका आणि दिवा लावा.

दिवा लावला की वीज आली, आणि आपल्याकडच्या विजेबद्दल काय सांगावं! शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली की साधा बल्ब मंद होतो, हे प्रत्येकाने पाहिलंय. चार्ज करून वापरायचा एलईडी दिवा यावर उत्तम, त्याला व्होल्टेजचं सोयरसुतक नाही. फक्त चार्जिंग उतरत आलं की काही दिवे मंदावतात, तेवढं लक्ष ठेवायचं. घरच्या विजेवरच काम असेल तर आणखी एक बारकावा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर फार वेगाचं असेल तर कुठला फोटो उजेडात सापडतो, कुठला अंधारात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की हा घोळ मिटतो.

तिसरा संशयित तुम्ही स्वतः. पांढरा शर्ट घालून टेबलाशी वाकलात की शर्टाचा उजेड बैलाच्या वशिंडावर पडतो, मागे सरलात की जातो. गडद कपडे घाला आणि फोटो काढताना दर वेळी एकाच जागी उभे राहा. फोन फ्लाइट मोडवर टाका. एखादा कॉल आला, फोन थरथरला, की सगळं दृश्य उडी मारतं. वायरच्या इअरफोनचं आवाजाचं बटण दाबूनही बऱ्याच फोनवर फोटो निघतो, त्यामुळे फोनला हातच लावावा लागत नाही.

‘सेकंदाला २४ फोटो लागतातच’

सिनेमा २४ चौकटींचा असतो, पण एक फोटो दोन चौकटी धरून ठेवायचा आणि १२ फोटोंत भागवायचं, ही रीत मोठ्या स्टुडिओंतही सर्रास चालते. मिनिटाला १४४० ऐवजी ७२०. हा आकडा मात्र पहिल्या फोटोआधी ठरवा. नंतर बदललात तर बैल एकदम धावायला लागेल.

मधले फोटो सॉफ्टवेअर भरून काढेल, अशीही एक आशा असते. संकलनाची काही सॉफ्टवेअर दोन फोटोंमधली चौकट अंदाजाने तयार करतात हे खरं. पण एक पाय दुसऱ्यासमोरून गेला की त्यांचा गोंधळ उडतो आणि चार पायांच्या जागी लगदा दिसतो. फोटो जोडायचे तर ‘डाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती आहे, मात्र तिला दणकट संगणक लागतो. साध्या लॅपटॉपवर ‘केडेनलाइव्ह’ बरं.

‘आवाज शेवटी टाकू’

मागचं संगीत शेवटी टाका, हरकत नाही. पण पात्र बोलणार असेल तर आवाज आधी ध्वनिमुद्रित करायचा. आजीच्या आवाजातलं “हो रं लेकरा” सव्वा सेकंदाचं भरलं, तर १२ च्या हिशेबाने तोंडाला १५ फोटो मिळतात. तोंड कधी उघडायचं, कधी मिटायचं हे आवाज ऐकून वहीत लिहून काढता येतं.

आणि काळी माती? ती दिव्याच्या उबेने वाळते, तडकते, दुसऱ्या दिवशी पाय हलवावा तर गळून हातात येतो. चित्रपटासाठी तेलाची क्ले घ्यावी, ती वाळत नाही. आत ॲल्युमिनियमच्या मऊ तारेचा सांगाडा घालावा. सेंटरिंगवाल्यांची लोखंडी बाइंडिंग तारही चालते, पण तोच पाय पंधरा-वीसदा वाकवला की ती तुटते. म्हणून तशाच दोन बैलांची तयारी ठेवावी.