माकडहाडाजवळची गाठ : दुर्मीळ, पण दुर्लक्ष नको

आम्ही काही डॉक्टर नव्हेत. बँकेच्या काउंटरवर दिवसभर बसणारे कारकून. कंबर धरली की तेल चोळावे, शेक घ्यावा, हा आमचाही रिवाज. आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाऊन डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्यांची कंबर दुखली तर कोणाला नवल वाटत नाही. बहुतेक वेळा ते दुखणे साधेच असते. पण क्वचित त्यामागे गाठ असते, म्हणून हा लेखप्रपंच.

कण्याच्या तळाशी पाच मणके एकत्र जुळून झालेले त्रिकास्थी आणि त्याखाली माकडहाड असते. गर्भावस्थेत कण्याच्या जागी 'नोटोकॉर्ड' नावाचा दोरीसारखा आधार असतो. पुढे तो नाहीसा होतो, पण काही पेशी मागे राहतात. त्यांतून 'कॉर्डोमा' हा कर्करोग उद्भवू शकतो. वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला तो होतो, बहुधा उतारवयात. तो सावकाश वाढतो, म्हणूनच उशिरा कळतो. नवजात बाळाच्या, विशेषतः मुलीच्या, माकडहाडाशी 'टेराटोमा' ही गाठ आढळते. ती बहुधा साधी असते. मात्र ऑपरेशन लांबविल्यास धोका वाढतो.

मग ओळखायचे कसे? बसल्यावर वाढणारे, आठवडेच्या आठवडे न थांबणारे दुखणे. नव्याने जडलेले बद्धकोष्ठ. जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. लघवी अडली किंवा पायांतील बळ गेले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने तपासतात. तेथे लाज धरू नये. साध्या एक्स-रेत ही गाठ निसटू शकते, एमआरआयमध्ये नीट दिसते.

एक गोष्ट विद्यार्थ्यांनी घरी आवर्जून सांगावी : अशी गाठ कोठेही चिरून घेऊ नये. तुकडा काढून तपासण्याची जागासुद्धा पुढचे ऑपरेशन करणाऱ्या तज्ज्ञांनीच ठरवावी. कॉर्डोमा फुटला तर पेशी पसरून तो पुन्हा उद्भवतो. तो अखंड काढणे हाच मुख्य उपाय. त्यात लघवी-शौचाच्या नसांना इजा होऊ शकते, हेही आधी समजून घ्यावे. जोडीला किरणोपचार देतात. टाटा स्मारकाच्या खारघर केंद्रात 2023 पासून प्रोटॉन किरणांची सोय झाली आहे.

पहिली पायरी मात्र जवळच आहे : अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय. भिऊ नये, पण अंगावरही काढू नये, एवढेच आमचे सांगणे.