समुद्री माशांच्या पिल्लांना तेल का पाजावे लागते?

मादाई हा जपानमध्ये मंगलकार्यातला मानाचा मासा. १९६०च्या दशकात तिकडे त्याची पिल्ले टाक्यांत वाढवण्याची खटपट जोरात सुरू झाली. अंड्यातून जेमतेम २ मिलिमीटरचा डिंभ बाहेर पडतो. तीनेक दिवसांत त्याचे पीतक संपत येते आणि तोंड उघडते. एवढ्याशा तोंडात मावेल असे खाद्य म्हणजे रोटिफर हा सूक्ष्म प्राणी, लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी. रोटिफर आधी समुद्री शैवलावर पोसत. पण शैवलाच्या टाक्या सांभाळणे जिकिरीचे, म्हणून पावाचे यीस्ट वापरून पाहिले. रोटिफर झपाट्याने वाढले. डिंभांनी ते खाल्लेही, आणि तरी ते मोठ्या संख्येने मरू लागले!

टोकियोच्या मत्स्यविद्यापीठातील ताकेशी वातानाबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात याचा छडा लावला. यीस्टवर वाढलेल्या रोटिफरांत लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले जवळजवळ नव्हतीच. तेच रोटिफर काही काळ शैवलात ठेवून मग खाऊ घातले, तर पिल्ले जगत.

आता थोडे रसायन. जवसाच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर असते. त्याच्या साखळीत १८ कार्बन अणू व ३ दुहेरी बंध असतात. रोहू, कटला यांसारखे गोड्या पाण्यातले मासे विकरांच्या साहाय्याने ही साखळी लांबवतात, तिच्यात दुहेरी बंध वाढवतात आणि २० कार्बन व ५ बंधांचे ईपीए, पुढे २२ कार्बन व ६ बंधांचे डीएचए तयार करतात. बहुतेक मांसाहारी समुद्री माशांत या मार्गावरची काही विकरे फार दुबळी किंवा नाहीतच. समुद्रातल्या सूक्ष्म शैवलांकडून ही मेदाम्ले अन्नसाखळीत आयतीच येतात, त्यामुळे ती घरी बनवण्याची गरज उरली नसावी, असे मानतात. म्हणून या माशांच्या बाबतीत 'आवश्यक' हा शब्द शब्दशः घ्यायचा: ही मेदाम्ले खाद्यातूनच मिळाली पाहिजेत.

डीएचए नसले तर नेमके काय बिघडते? हे आम्हाला सर्वांत रोचक वाटते. मेंदू आणि दृष्टिपटल यांच्या पेशीपटलांत डीएचए ठासून भरलेले असते, आणि डिंभाच्या चिमुकल्या देहात डोळे व मेंदू यांचाच वाटा मोठा. स्कॉटलंडमधील संशोधकांनी १९९५ साली हेरिंगच्या पिल्लांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. डीएचएविना वाढलेल्या पिल्लांना अंधूक उजेडात भक्ष्य पकडणे नीट जमेना. म्हणजे समोर अन्न आहे, पण दिसत नाही! जपानमधील बुरी माशाच्या अशा पिल्लांना तर थवा करून पोहताही येईना.

रोटिफरांनंतर आर्टेमियाची पाळी येते. त्याची सुकी अंडी डब्यात साठवता येतात, खाऱ्या पाण्यात टाकली की दिवसभरात फुटतात. सोय मोठी, पण त्यातही डीएचए नसल्यातच जमा. म्हणून त्याला माशाच्या तेलाचे दुधाळ मिश्रण पाजतात. इथे एक गंमत आहे. नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाला तोंडच नसते! काही तासांनी कात टाकल्यावर तो गाळून खाऊ लागतो; तेल द्यायचे ते तेव्हा. शिवाय तो पोटातल्या डीएचएचे ईपीए करून टाकतो, त्यामुळे तेल पाजल्यावर फार वेळ थांबून चालत नाही. हॅचरीत घड्याळ पाहूनच काम करावे लागते.

रायगडकरांच्या आवडीचा जिताडा याच वाटेने वाढतो. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ साली त्याचे बंदिस्त प्रजनन साधले, आणि त्याच्या डिंभांचाही पहिला घास रोटिफर, दुसरा आर्टेमिया.

हे तेल येते कुठून? बरेचसे पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्हीसारखे छोटे मासे पकडून. मासे वाढवण्यासाठी मासेच गाळायचे, हे आम्हाला खटकते. आता टाक्यांत वाढवलेल्या शिझोकिट्रियम या सूक्ष्मजीवापासूनही डीएचए मिळवतात. ते महाग पडते, पण त्यासाठी समुद्रात जाळे टाकावे लागत नाही.