ज्येष्ठ नागरिकांचा प्रवास आणि स्वच्छतागृहाची सोय
कुटुंबीयांसाठी व रुग्णालयात येणाऱ्या नागरिकांसाठी माहिती

लग्नसमारंभ, तीर्थयात्रा, बँकेतील काम किंवा दवाखान्यातील तपासणी अशा कोणत्याही कारणाने घराबाहेर पडताना अनेक ज्येष्ठ नागरिकांच्या मनात एकच चिंता असते : वाटेत लघवीला लागली तर काय करावे? ही चिंता संकोचामुळे बोलून दाखवली जात नाही. त्याऐवजी आजी सकाळपासून पाणी पिणे बंद करतात, आजोबा औषधाची गोळी परस्पर टाळतात, आणि काही काळाने दोघेही बाहेर जाणेच सोडून देतात. या तिन्ही गोष्टी आरोग्यास अपायकारक आहेत. थोडी पूर्वतयारी केल्यास त्या टाळता येतात.

वाढत्या वयात ही अडचण का येते?

वयानुसार मूत्राशयाची साठवणक्षमता कमी होते आणि लघवीची भावना झाल्यापासून ती रोखून धरता येण्याचा अवधीही घटतो. पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने वारंवार लघवीला जावे लागते. स्त्रियांमध्ये बाळंतपणानंतर व रजोनिवृत्तीनंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्याने खोकताना, शिंकताना किंवा हसताना लघवी सुटते. मधुमेहामुळे लघवीचे प्रमाण वाढते. रक्तदाब व हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळेही, त्या घेतल्यानंतर काही तास, वारंवार लघवी होते. गुडघ्यांची झीज झालेल्या व्यक्तीला उकिडवे बसता येत नाही; बसता आले तरी आधाराशिवाय उठता येत नाही. त्यामुळे जवळ शौचालय असूनही ते अशा व्यक्तीच्या उपयोगाचे ठरत नाही.

पाणी कमी पिणे हा उपाय नव्हे

पाणी कमी प्यायल्याने लघवी गडद व तीव्र होते, मूत्रमार्गाच्या संसर्गाचा व बद्धकोष्ठतेचा धोका वाढतो. उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी होऊन चक्कर येऊ शकते व तोल जाऊन पडण्याची भीती असते. ज्येष्ठांमध्ये संसर्ग किंवा पाण्याची कमतरता कधीकधी केवळ गोंधळलेपणा, असंबद्ध बोलणे अथवा अचानक आलेली सुस्ती या रूपाने दिसते. म्हणून दिवसभर थोडे थोडे पाणी घेत राहावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असल्यास तेच पाळावे. प्रवासाच्या आधी चहा-कॉफी मात्र कमी घ्यावी, कारण त्यामुळे लघवीची घाई वाढू शकते.

लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी स्वतःहून बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. हा प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

• वाटेतील थांबे आधी ठरवावेत. साधारणपणे दर दोन तासांनी, लघवीची भावना होण्याची वाट न पाहता, थांबावे.
• मोबाइलवरील गूगल मॅप्समध्ये ‘सार्वजनिक शौचालय’ असे शोधल्यास जवळची ठिकाणे दिसतात. नोंद असलेले शौचालय प्रत्यक्षात चालू असेलच असे नाही, म्हणून एक पर्यायी ठिकाणही पाहून ठेवावे.
• लग्नाचे कार्यालय, धर्मशाळा किंवा यात्री निवास येथे आधी दूरध्वनी करून तीन प्रश्न विचारावेत : कमोड आहे का? तेथे जाण्यासाठी किती पायऱ्या आहेत? पाणी सतत असते का?
• रेल्वेचे आरक्षण करताना खालची बर्थ मागावी. गाडी थांबलेली किंवा संथ असताना, कोणाला तरी सोबत घेऊन शौचालयात जावे.
• पिशवीत सुटे पैसे, साबण, टिश्यू पेपर, लहान बॅटरी, पाण्याची बाटली, कपड्यांचा एक जोड आणि आवश्यकतेनुसार प्रौढांचे डायपर ठेवावेत. स्वतःच्या वाहनाने जात असल्यास घडीची कमोड खुर्ची नेता येते.
• नाडीऐवजी इलॅस्टिक असलेले कपडे व न घसरणारी पादत्राणे वापरावीत.

कोठे शोधावे?

बसस्थानक व रेल्वेस्थानकाखेरीज पेट्रोल पंप, महामार्गावरील उपाहारगृहे, रुग्णालये, मॉल, संग्रहालये आणि मोठ्या देवस्थानांची भक्तनिवासे येथे सहसा स्वच्छतागृह असते. चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असलेले स्वच्छतागृह ज्येष्ठांसाठी बहुधा सर्वांत सोयीचे असते. चालताना किंवा उठताना त्रास होत असल्यास त्याचा वापर करण्यास संकोच करू नये. ते कुलूपबंद असल्यास कर्मचाऱ्यांकडे किल्ली मागावी.

आत जाण्यापूर्वी सोबतच्या व्यक्तीने पुढील गोष्टी पाहाव्यात :

• जमीन ओली किंवा निसरडी आहे का?
• कमोड हलत तर नाही ना? उठताना धरण्यासाठी भिंतीला दांडा आहे का?
• नळाला पाणी आणि आत पुरेसा प्रकाश आहे का?
• दाराची कडी सहज उघडते का? शंका असल्यास कडी न लावता सोबतच्या व्यक्तीने बाहेर उभे राहावे.

नळ, वॉशबेसिन किंवा टॉवेल अडकवण्याची दांडी धरून उठू नये. ती शरीराचा भार पेलेलच असे नाही. लघवी झाल्यावर लगेच उभे राहिल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. काही क्षण बसून राहावे, मग आधार घेऊन सावकाश उठावे. पुरुषांनीही, तोल जात असल्यास, बसूनच लघवी करावी.

कुटुंबीयांनी काय करावे?

“आत्ताच तर जाऊन आलात” असे म्हणू नये. अशा एका वाक्याने ज्येष्ठ व्यक्ती पुढच्या वेळी त्रास सहन करते, पण बोलत नाही. “आपण सगळेच थोडे थांबू या” असे म्हटल्यास त्यांना ओझे वाटत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला ठराविक वेळाने आठवण करून न्यावे. अस्वस्थ होणे, कपडे ओढणे किंवा येरझाऱ्या घालणे ही तिची सांगण्याची पद्धत असू शकते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

लघवी करताना जळजळ, ताप, लघवीतून रक्त, नव्याने सुरू झालेली गळती किंवा रात्री अनेकदा उठावे लागणे ही लक्षणे ‘वयामुळे असायचेच’ म्हणून सोडून देऊ नयेत. यांपैकी अनेक तक्रारींवर औषधे, व्यायाम व सवयींतील बदल यांनी उपचार होतात. लघवी पूर्णपणे अडल्यास किंवा अचानक पायांत अशक्तपणा येऊन लघवीवरील ताबा सुटल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

लक्षात ठेवा

• ज्येष्ठ नागरिकांसाठी राष्ट्रीय मदतवाणी, एल्डरलाइन : 14567 (निःशुल्क)
• रेल्वे प्रवासातील अडचण व डब्यातील स्वच्छतेची तक्रार : 139
• आपत्कालीन मदत : 112
• शहरातील अस्वच्छ किंवा बंद शौचालयाची तक्रार ‘स्वच्छता’ ॲपवर अथवा आपल्या नगरपालिकेकडे नोंदवावी.

घराबाहेर पडणे, माणसांत मिसळणे व चालणे-फिरणे हे उतारवयातील आरोग्याचे आधार आहेत. स्वच्छतागृहाच्या चिंतेपायी ते सोडू नयेत. पुढच्या तपासणीच्या वेळी ही अडचण डॉक्टरांना किंवा आरोग्य सेविकेला मोकळेपणाने सांगा.