शिरोरेषेचा सांधा

संपादकांनी नांदेडच्या वजिराबादेत पाठवलं होतं ते रेडियम स्टिकरवाल्यांचा धंदा पाहायला. १ एप्रिल २०१९ पासून नवी गाडी कंपनीकडूनच हाय सिक्युरिटी नंबर प्लेट घेऊन येते, तेव्हापासून नंबर टाकायचं काम आटत गेलं. पण मी अडकलो अक्षरं जुळवायच्या कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमधल्या ‘वेल्ड’ या आज्ञेपाशी.

‘माउली’ हा शब्द पडद्यावर एकसंध दिसतो. खरं तर प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजाऱ्यावर थोडी चढवतं. छापताना काही बिघडत नाही, काळ्यावर काळं. कटिंग प्लॉटरच्या पात्याला मात्र रंग कळत नाही, कड कळते. ते प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि शिरोरेषेला सांध्यासांध्यावर चिरा पडतात.

“इंग्रजीला ही कटकट नाही बघा सर,” दुकानातला ऑपरेटर म्हणाला. “त्यांची अक्षरं सुटी. आपली एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी.”

नवखे पोरगे कंट्रोल-एल दाबून ‘कम्बाइन’ करतात. मग जिथे दोन आकार एकमेकांवर येतात, नेमकं तिथेच भोक पडतं. ‘वेल्ड’ आतल्या कडा पुसून एकच बाह्यरेषा ठेवतं. हे सोपं नाही. अक्षरातलं प्रत्येक वळण म्हणजे बेझिए वक्र. रेनो मोटार कंपनीतल्या पिएर बेझिए या अभियंत्याचं नाव त्याला मिळालं. असे दोन त्रिघाती वक्र एकमेकांना नऊ ठिकाणीही छेदू शकतात. प्रत्येक छेद शोधायचा, तिथे वक्र तोडायचा, दुसऱ्या आकाराच्या पोटात गेलेला तुकडा टाकून द्यायचा, उरलेले जोडायचे. एका क्लिकमध्ये.

हुजूर साहिब गुरुद्वाराच्या या शहरात गाड्यांच्या मागच्या काचेवर खंडा हे शीख चिन्ह हवं असतं: मधे दुधारी खंडा, भोवती चक्र, दोन बाजूंना कृपाणी. एकाच रंगात वेल्ड केलं तर नुसता गोळा होईल. म्हणून ऑपरेटर वरच्या आकाराची थोडी जाड प्रत करतो आणि तिने खालचा आकार ‘ट्रिम’ करतो. केसभर फट उरते, आणि त्या फटीमुळेच कोण वर, कोण खाली ते डोळ्याला कळतं. मला हे फार सुंदर वाटलं.

मग लातूरहून एका क्लासचा लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. फोटोचा फोटो. ट्रेस केला तर कडेवर नोडच नोड, म्हणजे वक्रांचे तुकडे जोडणारे बिंदू. दोन आकारांच्या कडा जवळजवळ तंतोतंत एकावर एक. अशा ठिकाणी छेद एका बिंदूत सापडतच नाही. दशांशाच्या शेपटीत कुठे आत, कुठे बाहेर. वेल्ड केल्यावर सुईसारखी चिंचोळी पट्टी राहिली. पडद्यावर ती दिसेना, पण पातं तिथे वळलं आणि रेडियम उचकटलं. ऑपरेटरने एफ-१० दाबून एकेक नोड काढायला घेतला, पुन्हा वेल्ड. यावेळी एका अक्षराचं पोटच भरून गेलं. कंट्रोल-झेड.

दुपारचे तीन वाजले होते. डबा टेबलाखाली तसाच होता. त्याने ती कड सोळापट मोठी केली आणि हाताने नवी रेघ ओढायला सुरुवात केली.