मुंबईच्या दमट हवेत बेचाळीस किलोमीटर

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ सालच्या लंडन ऑलिम्पिकमध्ये प्रथम धावले गेले आणि १९२१ साली ते आंतरराष्ट्रीय पातळीवर कायम करण्यात आले. मात्र या अंतरासाठी सराव कसा करावा याविषयीची जी पुस्तके आणि तक्ते आज सर्वत्र वापरले जातात, ते बव्हंशी युरोप-अमेरिकेच्या थंड हवेत तयार झालेले आहेत. नायगावच्या बी.डी.डी. चाळींतून किंवा भोईवाड्यातून पहाटे बाहेर पडून फाइव्ह गार्डन्सच्या झाडांखाली अथवा शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या घालणाऱ्या धावपटूच्या शरीरापुढचा प्रश्न त्याहून वेगळा असतो. त्याचे पाय आणि फुप्फुसे तयार होतातच. परंतु धावताना निर्माण होणारी उष्णता दमट हवेत बाहेर कशी टाकायची, हे कोडे त्याच्या शरीराला सर्वांत आधी आणि सर्वांत शेवटपर्यंत सोडवावे लागते. २००४ साली सुरू झालेल्या आणि आता जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनचा सराव याच दृष्टीने समजून घेतला पाहिजे.

धावण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा ढोबळ हिशेब सोपा आहे. दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला संपूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे २,५०० किलोकॅलरी लागतात. स्नायूंची कार्यक्षमता मर्यादित असल्यामुळे यांपैकी जेमतेम २० ते २५ टक्के ऊर्जा हालचालीच्या कामी येते आणि उरलेली सारी उष्णतेच्या रूपाने शरीरातच मोकळी होते. ही शर्यत पाच तासांत पुरी करणाऱ्याच्या शरीरात दर तासाला सुमारे ४०० किलोकॅलरी उष्णता तयार होते. आणि एवढ्या वजनाच्या शरीराचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढण्यास सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात हे लक्षात घेतले, तर ही उष्णता बाहेर पडलीच नाही असे गृहीत धरल्यास दर साडेसात मिनिटांना तापमान एकेक अंशाने चढेल. ३७ अंशांवरून ४० अंशांच्या धोक्याच्या पातळीवर पोहोचायला अर्धा तासही लागणार नाही. प्रत्यक्षात तसे होत नाही याचे श्रेय मुख्यतः घामाला आहे, कारण १ लिटर घामाची वाफ होताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतली जाते.

येथे कळीचा शब्द ‘वाफ’ हा आहे. कपाळावरून ओघळून रस्त्यावर पडलेला घाम शरीरातील पाणी आणि मीठ घेऊन जातो, पण शरीराला जवळजवळ काहीच थंड करत नाही. पावसाळ्यात चाळीच्या गॅलरीत टाकलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, त्याच कारणाने मुंबईच्या धावपटूच्या अंगावरचा घामही वाळत नाही: आजूबाजूच्या हवेत बाष्पाचे प्रमाण आधीच इतके असते की त्वचेवरून हवेत जाणाऱ्या बाष्पाचा वेग मंदावतो. शरीर मग अधिक घाम गाळून भरपाई करू पाहते, आणि हिशेबाने तासाला सुमारे ७०० मिलिलिटर घाम पुरायला हवा असताना १ लिटरहून अधिक घाम निघून जातो.

हवामानाच्या अंदाजात दिलेली सापेक्ष आर्द्रता पाहून धावपटूंचा अनेकदा गैरसमज होतो, तो दूर करणे आवश्यक आहे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवा त्या तापमानाला जेवढे बाष्प सामावू शकते त्याच्या तुलनेत तिच्यात असलेल्या बाष्पाची टक्केवारी. थंड हवा मुळातच कमी बाष्प सामावते, म्हणून जानेवारीच्या पहाटे १८ अंश तापमानाला आर्द्रता ९० टक्के असली तरी त्या हवेतील एकूण बाष्प ३२ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या ऑक्टोबरच्या दुपारपेक्षा कमी असते. त्यामुळे धावपटूने टक्केवारीऐवजी दवबिंदू पाहावा. ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते हे तापमान, आणि ते जितके वर तितका घाम वाळणे कठीण. क्रीडा आणि लष्करी प्रशिक्षणात याहून पुढे जाऊन एक संयुक्त निर्देशांक वापरला जातो, ज्याचा पाया अमेरिकी मरीन दलाच्या छावण्यांतील उष्माघात रोखण्यासाठी १९५०च्या दशकात घातला गेला. त्यात ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापकाच्या नोंदीला ७० टक्के, उन्हातल्या काळ्या गोळ्यातील तापमानाला २० टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला केवळ १० टक्के वजन दिलेले आहे. उष्णतेचा ताण ठरवताना ओलाव्याचे पारडे किती जड असते, हे या तीन आकड्यांतूनच स्पष्ट होते.

नायगाव परिसराला हा विषय केवळ हौशी धावपटूंपुरता नाही. येथील पोलीस मैदानावर शिपाई भरतीसाठी राज्यभरातून तरुण-तरुणी येतात आणि धावण्याची चाचणी देतात. जून २०१४ मध्ये मुंबईतील अशाच भरतीच्या वेळी, पावसाळ्याच्या तोंडावरील उकाड्यात, ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर चाचणीचे अंतर कमी करण्यात आले. अंतर लहान असले म्हणजे उष्णतेचा धोका लहान असतो ही समजूत चुकीची आहे, कारण उष्णता किती वेगाने तयार होते हे अंतरावर नव्हे तर धावण्याच्या वेगावर अवलंबून असते, आणि नोकरीसाठी जिवाच्या आकांताने धावणारा उमेदवार पाच तासांची मॅरेथॉन धावणाऱ्यापेक्षा दर मिनिटाला कितीतरी अधिक उष्णता निर्माण करतो. परगावाहून आदल्या दिवशी येऊन, रात्र उघड्यावर काढून सकाळी धावणाऱ्या शरीराला या हवेशी जुळवून घेण्याची संधीच मिळालेली नसते.

ही जुळवणी घडते, आणि ती मानवी शरीराच्या सर्वांत लक्षणीय क्षमतांपैकी एक आहे. उष्ण हवेत रोज तासभर सौम्य व्यायाम करू लागल्यानंतर पहिल्या पाच-सहा दिवसांतच रक्तातील द्रवाचे, म्हणजे प्लाझ्माचे, प्रमाण वाढते, त्यामुळे हृदयाला स्नायू आणि त्वचा या दोघांनाही रक्त पुरवणे सोपे जाते आणि त्याच वेगाला नाडीचे ठोके कमी पडू लागतात. दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो, आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावामुळे त्यातील मीठ कमी होते. मुंबईकर ज्या ‘ऑक्टोबर हीट’ला कंटाळतो, तो महिना या दृष्टीने धावपटूसाठी मोलाचा आहे, मात्र तेव्हा वेग कमी ठेवण्याची तयारी हवी. ही कमाई टिकाऊ नसते; उष्णतेचा संपर्क तुटला की काही आठवड्यांत ती ओसरते, म्हणून डिसेंबरच्या गारव्यात केवळ पहाटे धावणाऱ्याने आठवड्यातून एखाद-दोन वेळा ऊन वर आल्यावर सावकाश धावणे हिताचे ठरते.

सावकाश धावण्याचे महत्त्व केवळ उष्णतेपुरते नाही. १९६७ साली जॉन हॉलोझी या अमेरिकी संशोधकाने फिरत्या पट्ट्यावर धावण्याचा दीर्घ सराव दिलेल्या उंदरांच्या स्नायूंची तपासणी केली, तेव्हा प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या पेशीघटकांची क्षमता जवळजवळ दुप्पट झालेली आढळली. सहनशक्तीचे रहस्य केवळ हृदय आणि फुप्फुसांत नसून स्नायूंच्या पेशींतही आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले. मायटोकॉन्ड्रिया आणि स्नायूंतील सूक्ष्म केशवाहिन्या वाढण्यासाठी दीर्घकाळ चाललेले सौम्य श्रम पुरेसे असतात, आणि जगातील अव्वल धावपटूही आपल्या सरावाची सुमारे ८० टक्के सत्रे सहज बोलता येईल इतक्याच वेगाने करतात. सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येणे ही वेगाची कसोटी कोणत्याही महागड्या घड्याळाइतकी उपयुक्त आहे; दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागत असेल, तर रक्तात लॅक्टेट साचू लागण्याची मर्यादा ओलांडलेली असण्याचा संभव असतो. हौशी धावपटूंपैकी अनेकजण रोजच मध्यम-जलद वेगाने धावून दमतात आणि सावकाश व जलद अशा दोन्ही सरावांचा लाभ गमावतात. सरावातील ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे.

इंधनाचा प्रश्नही याच सावकाशपणाशी जोडलेला आहे. पिष्टमय अन्नातून मिळालेली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत आणि यकृतात साठवते, पण हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरींचाच असतो. चरबीचा साठा त्याच्या अनेकपट असला तरी तिच्यातून ऊर्जा संथपणे मिळते. वेग वाढला की शरीर ग्लायकोजेन अधिक जाळते, आणि तिसाव्या ते पस्तिसाव्या किलोमीटरच्या दरम्यान तो साठा आटला की पाय अचानक शिशासारखे जड होतात; धावपटू यालाच ‘वॉल लागली’ असे म्हणतात. मुंबईच्या मार्गावर परतीच्या वाटेवरील पेडर रोडचा चढ नेमका याच टप्प्याच्या आसपास येतो. हौशी धावपटूंची शर्यत पहाटेच्या अंधारात सुटत असली, तरी पाच तास लागणारा धावपटू तोवर उन्हात आलेला असतो, त्यामुळे चढ, ऊन आणि रिकामा साठा यांची एकत्र गाठ पडते. या मार्गावरचा २०२३ सालचा २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांचा पुरुषांचा विक्रम आणि त्याच वर्षी शिकागोच्या थंड, सपाट मार्गावर केल्विन किप्टमने नोंदवलेली २ तास ३५ सेकंदांची वेळ यांच्यातील अंतर पाहताना स्पर्धकांची पातळी वेगळी होती हे ध्यानात ठेवावे लागते, तरी हवा आणि चढ यांचा त्यातील वाटा नाकारता येत नाही.

साठा वाढवण्याचा उपाय १९६०च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिला: शर्यतीपूर्वीच्या दिवसांत सराव कमी करून पिष्टमय आहार वाढवला, तर ग्लायकोजेन नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक साठते. आज त्यासाठी शेवटच्या दीड-दोन दिवसांत दर किलो वजनामागे रोज सुमारे १० ग्रॅम पिष्टमय पदार्थ सुचवले जातात. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ते पाऊण किलो कच्च्या तांदळाइतके होतात, म्हणून हे प्रमाण भात, पोहे, इडली, केळी, गूळ असे वाटून गाठावे लागते. शर्यत बहुधा संक्रांतीनंतर लगेचच येत असल्याने गुळाची पोळी हाताशी असतेच, मात्र तिळातील चरबी पचायला वेळ घेते आणि आदल्या रात्रीसाठी साधा भातच बरा.

पाण्याबाबत दोन्ही टोकांना धोका आहे. घामाने वजन थोडे घटणे शरीर सहन करते. पण भीतीपोटी प्रत्येक टेबलावर पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम विरळ होते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम धोक्याच्या मर्यादेखाली आढळले होते आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांमध्ये ते विशेष दिसले. लांब पल्ल्याच्या सरावाआधी आणि नंतर वजन करून स्वतःच्या घामाचे प्रमाण जाणून घेणे, आणि तहान लागेल तसे पिणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

हाडे आणि स्नायुबंध मात्र घामाइतके तत्पर नसतात. मॅरेथॉनमध्ये सुमारे ४० हजार पावले पडतात आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. हाडाची डागडुजी पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात. आठवड्याला १० टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये असा प्रचलित नियम आहे, पण नेदरलँड्समध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा नियम पाळणाऱ्या आणि अधिक झपाट्याने अंतर वाढवणाऱ्या नवशिक्यांमध्ये दुखापतींचे प्रमाण सारखेच, सुमारे २० टक्के, निघाले. पायांची खरी तयारी महिन्यांपेक्षाही वर्षांच्या मापाने होते. पुण्यात १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे ग्रामीण तरुण पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या प्रयत्नांतून १९२० साली अँटवर्प ऑलिम्पिकला गेलेल्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ४२ किलोमीटर ७५० मीटरची ती मॅरेथॉन त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. अशी पावले दिवसभर बसून काम करणाऱ्या शहरी माणसाला एका पावसाळ्यात लाभत नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षी अर्ध मॅरेथॉन आणि नंतरच पूर्ण, हा क्रम त्याच्या हाडांना मानवणारा आहे.

हवेच्या प्रदूषणाने अलीकडे या सगळ्यात एक पेच निर्माण केला आहे. धावताना श्वासावाटे जाणारी हवा विश्रांतीच्या तुलनेत दहापट होते आणि ती तोंडावाटे घेतली जात असल्याने नाकाची गाळणी टळते. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे वाहनांचा धूर आणि पाडकामाची धूळ खालच्या थरातच अडकून राहते. समुद्रावरचा वारा ती उधळून लावतो, पण तो दिवस चढल्यावरच. म्हणजे जी वेळ उष्णतेच्या दृष्टीने उत्तम, तीच हवेच्या दृष्टीने वाईट. ऑक्टोबरात उष्णतेला प्राधान्य द्यावे, आणि डिसेंबरनंतर हवेचा निर्देशांक वाईट असलेल्या दिवशी जलद सत्र टाळून सावकाश वा घरातील व्यायामावर भागवावे, हे त्यातल्या त्यात समंजसपणाचे आहे.

शेवटी एक सूचना शर्यत पाहायला शिवाजी पार्क, प्रभादेवी आणि वरळीच्या रस्त्यांवर उभ्या राहणाऱ्या नागरिकांसाठी आहे, कारण श्रमजन्य उष्माघाताचा रुग्ण अनेकदा त्यांच्याच समोर कोसळतो. धावपटू अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा विनाकारण चिडू लागला, तर अंग घामाने ओले आहे म्हणून निर्धास्त राहू नये. वैद्यकीय पथकाला हाक देतानाच त्याला सावलीत आडवे करावे, अंगावर भरपूर थंड पाणी ओतावे, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवावा आणि वारा घालावा. पूर्ण शुद्धीवर नसलेल्याला काहीही पाजू नये. अर्ध्या तासाच्या आत तापमान उतरले तर असा रुग्ण जवळजवळ हमखास वाचतो, म्हणून त्याला आधी थंड करावे आणि मगच रुग्णालयात हलवावे.