रोप निरोगी, पण रोगाला अभेद्य नव्हे

सकाळी ७. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या टिश्यूकल्चर प्रयोगशाळेत दिवस मीडियापासून, म्हणजे रोपांच्या पोषक माध्यमापासून, सुरू होतो. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेले क्षार, लिटरला ३० ग्रॅम साखर, फुटव्यासाठी बीएपी, घट्टपणासाठी अगार. सामू ५.८. मग बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंशांवर.

८.३०. टोपी, मास्क, हात स्पिरिटने पुसून लॅमिनारसमोर. ग्रँड नाईन या केळीच्या वाणाच्या कोंबांचा झुबका ताटलीत काढायचा, काळवंडलेला भाग छाटायचा, कोंब वेगळे करून नव्या बाटलीत रोवायचे. तापवलेली पाती गार होऊ द्यावी लागते, नाहीतर कोंब भाजतो. काम चालू असताना कुणी बोलत नाही. श्वासातूनही जंतू जातात.

दर तीन-चार आठवड्यांनी हीच छाटणी. पण आठेक फेऱ्यांनंतर थांबायचंच. त्यापुढे वाढवत नेलं तर बुटकी, वेड्यावाकड्या पानांची झाडं निघू लागतात, आणि ते शेतकऱ्याला कळतं काही महिन्यांनी, खतपाण्याचा खर्च होऊन गेल्यावर. हंगामात मागणी वाढली म्हणून फेऱ्या वाढवणं ही माझ्या मते सरळ फसवणूक आहे.

१२. वाढकक्ष. २५ अंश, सोळा तास उजेड. कोंबाच्या बुडाशी दुधाळ वलय, म्हणजे जंतूंची लागण, दिसलं की ती बाटली न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये.

२. मुळं फुटलेल्या रोपांचं अगार धुऊन कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावणी.

४. रावेरकडून एका शेतकरीदादांचा फोन: "ताई, टिश्यूची रोपं लावली, तरी हरण्या आलाच कसा?" हरण्या म्हणजे केळीचा विषाणूजन्य रोग; हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. मातृझाडाची विषाणू चाचणी करून आम्ही रोप निरोगी देतो; त्यात प्रतिकारशक्ती घालत नाही. शेतात मावा विषाणू घेऊन येतोच. प्रतिकारशक्ती आणायचा एक मार्ग जनुक बदलण्याचा: केळफुलातल्या कोवळ्या नरफुलांपासून पेशी वाढवायच्या, अ‍ॅग्रोबॅक्टेरियमकरवी जनुक आत पोचवायचं आणि बदललेल्या पेशीतून अख्खं रोप उभं करायचं. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये अशा क्यूकॅव्ह-४ केळीला मान्यता दिली. तीही पनामा मर रोगासाठी, हरण्यासाठी नव्हे.

५.३०. उद्याची लेबलं लिहून झाली.

शेतकरी बंधू-भगिनींनो, रोपं घेताना विषाणू चाचणीचं प्रमाणपत्र मागाच. बागेत आणि बांधावर काकडी, भोपळा, टोमॅटो लावू नका, आणि हरण्याचं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटून नष्ट करा.