राउटर ‘मेला’ म्हणजे नेमके काय झाले?

घरात किंवा शाळेच्या संगणक कक्षात भिंतीला टांगलेली राउटरची पेटी आपण रोज पाहतो. तिच्यातली मूळ आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, काढून त्या जागी ओपनडब्ल्यूआरटीसारखे मुक्तस्रोत फर्मवेअर बसवता येते. निर्मात्याने सुधारणा देणे थांबवलेली पेटीही त्यामुळे आणखी काही वर्षे कामाला येते. पण एखाद्या दिवशी नवी फाइल चढवताना वीज जाते किंवा फाइलच चुकीची निघते, आणि पेटी गप्प होते. विजेचा दिवा तेवढा लागतो. अशा पेटीला इंग्रजीत ‘ब्रिक’, म्हणजे वीट, म्हणतात आणि पुष्कळदा ती भंगारात जाते. ही बहुधा घाई असते. राउटर एकदम चालू होत नाही, तो पायरीपायरीने जागा होतो. तो कोणत्या पायरीवर अडला आहे हे ओळखले, तर इलाज नेमका त्या पायरीवर करता येतो.

जागे होण्याचा क्रम

बटण दाबले की प्रोसेसरला एकच गोष्ट ठाऊक असते: एका ठरावीक पत्त्यावर जायचे आणि तेथे सापडेल ती आज्ञा पाळायची. घरगुती राउटरांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या मिप्स जातीच्या प्रोसेसरांत हा पत्ता फ्लॅश स्मृतीत नेतो. वीज गेली तरी फ्लॅशमधला मजकूर टिकतो. तेथे बसलेली पहिली छोटी आज्ञावली म्हणजे बूटलोडर. या क्षणी रॅम, म्हणजे कामाची स्मृती, अजून वापरण्याजोगी नसते. तिच्याशी किती वेगाने आणि कोणत्या क्रमाने व्यवहार करायचा हे ठरवून देणे हेच बूटलोडरचे पहिले काम. गणित करायला पाटी हवी, आणि पाटी तयार करण्याचे गणित मात्र पाटीविनाच करायचे, असा हा प्रकार आहे. ‘बूट’ हा शब्दही स्वतःच्या बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेतून आला आहे.

रॅम तयार झाली की बूटलोडर फर्मवेअर तपासतो, त्यातला लिनक्सचा गाभा (कर्नल) उलगडून रॅममध्ये ठेवतो आणि सूत्रे त्याच्या हाती देऊन बाजूला होतो. त्यानंतर आपण दिलेल्या सेटिंग्ज वाचल्या जातात.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर८४१एन या राउटरच्या नवव्या आवृत्तीत ४ मेगाबाइटची फ्लॅश आहे. तिच्या सुरुवातीचे १२८ किलोबाइट बूटलोडरचे. शेवटच्या ६४ किलोबाइटमध्ये त्या पेटीच्या रेडिओची कारखान्यात केलेली मोजमापे असतात. मधली सगळी जागा फर्मवेअरची.

आता बिघाड कसा होतो ते पाहू. फ्लॅशवर लिहिणे वहीत लिहिण्यासारखे नाही. कोऱ्या फ्लॅशमध्ये सगळीकडे १ असतात आणि लिहिणे म्हणजे हव्या त्या १ चे ० करणे. एखाद्याच ० चा पुन्हा १ करता येत नाही. त्यासाठी अख्खा ठोकळा, बहुधा ६४ किलोबाइटचा, एकदम पुसावा लागतो. तेव्हा लिहिण्याआधी पुसणे आलेच, आणि या दोहोंच्या मध्ये वीज गेली तर तेथे जुने उरत नाही आणि नवे आलेले नसते. मात्र नेहमीच्या अद्ययावतीकरणात हा खेळ मधल्या जागेत चालतो, सुरुवातीचे १२८ किलोबाइट कोणी शिवत नाही. ‘मेलेल्या’ राउटरांपैकी पुष्कळांचा बूटलोडर जिवंत असतो तो यामुळेच.

कोण बोलत आहे?

तो जिवंत आहे की नाही हे ओळखण्याची एक सुंदर युक्ती लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जी या राउटरवर वापरली जाई. हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्स आहे हे लक्षात आल्यावर परवान्याच्या अटींनुसार त्याची मूळ आज्ञावली २००३ मध्ये खुली करावी लागली, आणि जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचे काम सुरू झाले. प्रकल्पाच्या नावातली अक्षरे या राउटरच्या नावातूनच आली.

युक्ती अशी. संगणक तारेने राउटरला जोडून सतत ‘पिंग’ करत राहायचे. पिंगच्या उत्तरासोबत टीटीएल नावाचा एक आकडा दिसतो. संदेश इंटरनेटवर कायम भटकत राहू नये म्हणून प्रत्येक संदेशाला हा आकडा दिलेला असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की संदेश टाकून दिला जातो. आपल्या जोडणीत वाटेत कोणीच नाही, म्हणून पाठवणाऱ्याने दिलेला आकडा जसाच्या तसा दिसतो. लिनक्स ६४ देते, तर या राउटरचा सीएफई नावाचा बूटलोडर १०० देतो. आकड्यावरून कोण बोलत आहे ते कळते!

वीज दिल्यावर थोडा वेळ १००, मग ६४, असे दिसले तर सारे ठीक. थोडा वेळ १०० आणि मग शांतता, तर कर्नल सुरू होत नाही. सारखे १०० च येत राहिले, तर बूटलोडरने फर्मवेअर नापास केले आहे आणि तो नव्याची वाट पाहत थांबला आहे. काहीच उत्तर नसेल तर दुखणे अधिक खोल असू शकते. (सगळ्या कंपन्यांचे बूटलोडर पिंगला उत्तर देत नाहीत, हे मात्र ध्यानात असू द्यावे.)

६४ येत असूनही आत शिरता येत नसेल, तर चूक आपल्या सेटिंग्जमध्ये आहे. ओपनडब्ल्यूआरटीत यासाठी ‘फेलसेफ’ची सोय आहे. सुरू होताना दिवा लुकलुकू लागला की बटण दाबायचे. राउटर आपल्या सेटिंग्ज बाजूला ठेवून १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उभा राहतो. हे जमते याचे कारण मूळ फर्मवेअर न बदलणाऱ्या भागात असते आणि आपले बदल त्यावर पारदर्शक कागदासारखे अंथरलेले असतात. कागद काढला की खालचे चित्र शाबूत.

कर्नलच सुरू होत नसेल, तर बूटलोडरच्या हाती नवी फाइल द्यायची. ती टीएफटीपी या अगदी साध्या पद्धतीने दिली जाते. ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवायचा, पोच मिळाली की पुढचा. ही १९८० च्या सुमाराची पद्धत आजही टिकून आहे, कारण ती राबवायला फारच थोडी आज्ञावली पुरते आणि बूटलोडरपाशी जागाच तेवढी असते. डब्ल्यूआरटी५४जीचा बूटलोडर सुरुवातीची काही सेकंदे फाइलची वाट पाहू शकतो, पण ‘बूट-वेट’ ही सेटिंग चालू असेल तरच. ती बंद असेल आणि फर्मवेअर तपासणीत पास होऊनही पुढे कोसळत असेल, तर दार उघडतच नाही. म्हणून नवे फर्मवेअर चढवण्याआधी ही सेटिंग चालू करा, हा त्या काळच्या हौशी मंडळींचा पहिला धडा होता. ज्यांनी तो गिरवला नाही ते फ्लॅश चिपचे दोन पाय टाचणीने जोडून बूटलोडरला मुद्दाम चुकीचे वाचायला लावत, म्हणजे तो फर्मवेअर नापास करून वाट पाहत थांबे. यात चिप जळण्याचा धोका आहे. विद्यार्थ्यांना हे करू देऊ नये.

सेकंदांचाच मामला असल्याने आणखी एक सूचना. राउटरची वीज बंद केली की संगणकाचे जाळेही तुटते आणि पुन्हा जुळेपर्यंत संधी निघून जाते. मध्ये एखादा साधा नेटवर्क स्विच जोडावा, म्हणजे संगणकाची बाजू जागीच राहते.

टीपी-लिंकच्या वरील राउटरात भूमिका उलट असतात. रीसेटचे बटण दाबून धरून वीज दिली की राउटर स्वतःच १९२.१६८.०.६६ या पत्त्याच्या संगणकाकडे ठरावीक नावाची फाइल मागतो. तो पत्ता संगणकाला देऊन टीएफटीपीने फाइल पुरवणे एवढेच आपले काम.

आणि येथे एक फसवा खड्डा आहे. या कंपनीच्या काही मूळ फाइलींच्या नावात ‘बूट’ हा शब्द असतो. अशा फाइलीत आधी ५१२ बाइटचे शीर्षक, मग १२८ किलोबाइटचा बूटलोडर आणि त्यानंतर फर्मवेअर असते. कंपनीच्या स्वतःच्या पानावरून ती चढवली तर हे भाग योग्य जागी जातात. पण ओपनडब्ल्यूआरटीवरून मूळ फर्मवेअरकडे परतताना अख्खी फाइल मधल्या जागेच्या आरंभापासून लिहिली जाते. पुढच्या वेळी बूटलोडर तेथे कर्नल शोधायला जातो, आणि त्याला भेटतो स्वतःचाच जुळा भाऊ! राउटर चांगला, फाइलही अस्सल, तरी वीट. इलाज म्हणजे फाइलीचे पहिले १,३१,५८४ बाइट कापून टाकणे. १,३१,०७२ अधिक ५१२, हिशेब सरळ आहे.

पेटी उघडावी लागली तर

यापैकी काही चालले नाही, तर आतल्या पट्टीवर चार छिद्रे शोधावीत. ही सिरियल जोडणी. यूएसबीचा एक छोटा जोड काही शे रुपयांत मिळतो. जमीन, पाठवणे आणि घेणे एवढ्या तीनच तारा जोडायच्या, आणि पाठवण्याची तार समोरच्याच्या घेण्याला. पातळी ३.३ व्होल्टची असते. जुन्या संगणकाचे सिरियल पोर्ट थेट जोडले तर त्याचा दाब चिप जाळू शकतो. वीज दिली की पडद्यावर मजकूर धावू लागतो, आणि तो जेथे थांबतो तीच बिघाडाची पायरी. आमच्या उदाहरणातल्या राउटरात सुरुवातीच्या एका सेकंदात टी, पी, एल ही अक्षरे टंकली की बूटलोडर थांबून आपल्या आज्ञा ऐकतो. मात्र येथली पुसण्याची आज्ञा पत्ता पाहून देतात, आणि त्यातला एक आकडा चुकला तर बूटलोडर स्वतःलाच पुसून टाकील.

तसे झालेच, तर आठ पायांच्या फ्लॅश चिपला चिमटा लावून प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाने ती बाहेरून लिहावी लागते. उपकरण चिपला ३.३ व्होल्टच देते ना, हे आधी मोजावे. लिहिण्यापूर्वी चिप दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळतात का ते पाहावे. बूटलोडर त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या पेटीतून घेता येतो. पण टीपी-लिंकच्या पेटीत मॅक पत्ता बूटलोडरच्याच भागात असतो. तो न बदलता दोन्ही पेट्या एका जाळ्यात ठेवल्या, तर गोंधळ उडतो. शेवटचे ६४ किलोबाइट तर उसने घेताच येत नाहीत. ती मोजमापे त्या एका पेटीचीच असतात, आणि ती गेली की वाय-फाय बिघडते किंवा बंदच पडते. म्हणून राउटर धडधाकट असतानाच ओपनडब्ल्यूआरटीच्या बॅकअपच्या पानावरून या दोन्ही भागांच्या प्रती उतरवून घ्याव्यात. दोन मिनिटांचे काम आहे, आणि तेच सहसा राहून जाते.

ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने २०२४ च्या नोव्हेंबरात स्वतःचा राउटर आणला, तेव्हा हा अनुभव रचनेतच उतरवला. ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’मध्ये दोन फ्लॅश चिपा आहेत. रोजच्या कामाची २५६ मेगाबाइटची, आणि १६ मेगाबाइटची दुसरी केवळ सुटकेसाठी, लिहिण्यापासून सुरक्षित ठेवलेली. पहिलीत काहीही घोळ झाला, तर पेटीवरची एक कळ सरकवायची, म्हणजे प्रोसेसर दुसरीवरून जागा होतो.